फक्त गवतावर

आयर्लंडमधल्या लीट्रिममध्ये जमीन एकराने नाही, बादलीने विकतात म्हणे, इतकी ती पाणथळ. त्या चिखलात मॅलकी मॅकमॉरोने बुटक्या काळ्या गाई पाळल्या आणि जन्मभर एकच हट्ट धरला: आपल्या जनावराच्या तोंडाला गवताशिवाय काही लागणार नाही. पेंड नाही, भरडा नाही. दर शरदात दोन-तीन गोऱ्हे खाटकाकडे जात आणि मांसाच्या पेट्या तो स्वतः घरोघर पोचवी. फाटकावर त्याच्याच हातची पाटी होती, 'फक्त गवतावर वाढलेलं बीफ'. अक्षर वाकडं, पण माणूस सरळ.

त्याची बायको नोरीन म्हणायची, "तुझ्या गाई उपास काढतील, पण तुझा नेम काही मोडायचा नाही." तेव्हा ती थट्टा होती.

मग तो वसंत आला. आला कसला, नुसता कॅलेंडरवर आला. एप्रिल सरत आला तरी पाऊस आणि गारठा हटेना, रानात हिरवं पातं दिसेना. गोठ्यातली वैरण संपली. विकत घ्यावी, तर साऱ्या मुलखात कुणाकडे काडी शिल्लक नव्हती. गाई फाटकाशी उभ्या राहून हंबरत. मॅलकी खिडकीकडे पाठ करून जेवायला बसे.

शेजारचा इगी रूनी ट्रॅक्टरवर पेंडीची पोती घालून दारात आला. "घे बाबा, घाल त्यांना. तुझ्या गाई काय पाटी वाचतात?"

"गिऱ्हाइकं वाचतात ना," मॅलकी म्हणाला. "शब्द दिलाय मी."

"शब्द खाऊन जनावर जगत नाही, गाढवा!"

इगी पोती पडवीत टाकून निघून गेला. मॅलकीने त्यांना हात लावला नाही. उद्या ऊन पडेल, परवा पडेल, असं करत त्याने आठवडा काढला.

आणि सिसी खाली बसली ती उठलीच नाही. कळपातली सगळ्यात जुनी गाय ती, निम्म्या गाई तिच्याच पोटच्या. त्याने आणि नोरीनने तिला दोरी लावली, खांदा लावला. शेवटी मॅलकीने पोतं फोडलं आणि पेंड ओंजळीत घेऊन तिच्या तोंडाशी धरली. तिने हुंगली, पण चाटण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. दुपारपर्यंत सिसी गेली.

बाकीच्यांना त्याने त्याच दिवशी पेंड घातली, गवत येईपर्यंत घातली. त्या जगल्या.

शरदात खाटकाकडून पेट्या भरून आल्या तेव्हा नोरीन म्हणाली, "हे बघ, थोडे दिवस तर खाल्ली पेंड. पुढे सगळा उन्हाळा गवतच होतं की. उगाच जीभ सैल सोडू नकोस."

"खोटं सांगून विकणार नाही मी."

सगळ्यांत आधी तो फिडेल्माबाईंकडे गेला. निवृत्त शिक्षिका, जुनं गिऱ्हाईक. त्याची अर्धी गिऱ्हाइकं त्यांनीच जोडून दिलेली. टोपी हातात घेऊन, पाद्र्यापुढे पाप कबूल करावं तसं त्याने पेंडीचं सगळं सांगून टाकलं. सिसीचं मात्र सांगवलं नाही.

बाई हसू लागल्या. "अरे मॅलकी, एवढंच ना? आम्हाला वाटायचं, तू नेहमीच घालतोस थोडीफार. पाटीचं काय, सगळेच लिहितात! मांस चवीचं असतं, माणूस भला आहेस, म्हणून घेतो आम्ही. यंदा दोन पेट्या ठेव. आणि बस, चहा टाकते."

तो बसला, आणि चहा पिऊनच निघाला.

घरी आला तो चिखलाच्या बुटांसकट स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला. "घेतली का पेटी?" नोरीनने विचारलं.

"दोन घेतल्या."

"मग तोंड का उतरलंय?"

"त्यांना पाटीवरचं कधी खरं वाटलंच नव्हतं गं. इतकी वर्षं. मग सिसीला मी कुणासाठी मारलं?"

नोरीन खाली बसली आणि त्याचे बूट ओढून काढू लागली. त्याने पाय पुढे केला, एवढंच.