वयनीचा लिंबो

नवे फादर आमच्या चर्चमध्ये आले आणि दुसऱ्याच रविवारी मिस्सा संपल्यावर त्यांनी खिशातून कागद काढून यादी वाचली. शनिवारी दुपारी मोठ्यांसाठी श्रद्धावर्ग. बुधवारी बायबलवाचन. लग्न ठरलेल्यांसाठी वेगळी बैठक. मुंबईला असलेल्यांसाठी रोज मोबाइलवर एक वचन. मागच्या बाकांवरची मंडळी एकमेकांकडे बघू लागली. आमच्याकडे धर्मशिक्षण म्हणजे लहान मुलांचं दोतोर्न. प्रश्न-उत्तरं पाठ झाली, पहिला कम्युनियन झाला, की माणूस जन्मभरासाठी मोकळा. मोठ्यांनी पुन्हा बाकावर बसायचं हे कोणाच्या गावीही नव्हतं.

त्यातच फादरनी माझं नाव घेतलं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, तेव्हा शनिवारचा वर्ग त्यांच्याकडे. मी नाही म्हणायलाच मागच्या खोलीत गेले, तर ते हसून म्हणाले, "बाई, तुम्ही तरुणपणी दोतोर्न शिकवायचात असं ऐकलं." त्याच कारणाने मला नको होतं. पण ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून मी हो म्हणून बाहेर आले.

दोतोर्न शिकवायचे तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. पुस्तक माझ्या आईचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. मला ते पहिल्या पानापासून शेवटापर्यंत पाठ होतं आणि त्याचा भारी तोरा होता. उत्तरात एक शब्द मागेपुढे झाला तरी मी पोरांना भिंतीवरच्या क्रुसाकडे तोंड करून उभं करायची. आता आठवलं की कान तापतात.

दोन घरं पलीकडे वयनी राहायची. नात्याने कोणी नाही, पण तिचा नवरा आणि माझा थोरला भाऊ एकाच होडीवर जायचे, म्हणून ती वयनी. लग्नानंतर दहा वर्षांनी तिला मुलगी झाली आणि बाप्तिस्म्याचा रविवार यायच्या आत, पाचव्या दिवशी, ते बाळ गेलं. घाईघाईत डोक्यावर पाणी ओतून घरच्या घरी बाप्तिस्मा द्यायचंसुद्धा कोणाला सुचलं नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून सिमितेरीत, चर्चच्या दफनभूमीत, जागा नाही, अशी तेव्हा गावची रीत. नवऱ्याने बाळाला परसात पुरलं. नेमकं कुठे, ते आम्ही कोणी विचारलं नाही.

आठवड्याने मी तिच्याकडे गेले. सांत्वनाला गेले असं म्हणावंसं वाटतं, पण खोटं कशाला बोलू, मला येत असलेलं उत्तर सांगायला गेले. वयनी मागल्या दारात बसली होती. तिनेच विचारलं, "बाय, तू दोतोर्न शिकवतंस. आमचां पोर खंय गेलां?"

"लिंबोत," मी ताबडतोब म्हटलं. "बाप्तिस्म्याबगर सर्गात जावक गावना नाय. पण लिंबोत आग नाय, दुख नाय. थंय ता बरां आसा."

तिने वळून परसाकडे पाहिलं. मग म्हणाली, "होय. लिंबोतच आसा." आणि तिने माझा हात घट्ट धरला. वयनीला पटलं, म्हणून मी घरी जाऊन आईला ऐटीत सांगितलं.

चार-पाच वर्षांनी आम्हाला लोणच्याला लिंबं हवी होती. वाडीत वयनीच्या परसातलं झाड असं लगडलं होतं की खाली पिवळा सडा पडलेला. मी पिशवी घेऊन गेले आणि फांदी ओढली, तशी ती घरातून धावत आली. "नको गो! थंय आमचां चेडू आसा. तूच सांगलंस मां?"

आमच्या घरांत लिंबाला लिंबोच म्हणतात. मी सांगितलेला लिंबो म्हणजे स्वर्गाच्या दाराबाहेरची, बाप्तिस्मा न झालेल्या पोरांची जागा. तिने ऐकलेला लिंबो म्हणजे नवऱ्याने ज्याच्या बुंध्याशी खणलं होतं ते झाड. तिची चूक दाखवायचा मला धीर झाला नाही. पिशवीची घडी करून घरी आले. त्याच वर्षी मी दोतोर्न सोडलं आणि शाळेच्या नोकरीमुळे वेळ मिळत नाही असं सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून लिंबाचा वास मला सोसत नाही. ताटात फोड आली की मी ती बाजूला सारते. मेलेल्यांच्या दिवशी सगळी वाडी सिमितेरीत मेणबत्त्या लावायला जाते, तेव्हा वयनीची एक मेणबत्ती परसात लागते आणि ती मला आमच्या खिडकीतून दिसते. शाळेत एखादी मुलगी मान ताठ करून घडाघडा उत्तर म्हणू लागली की मला तिच्या आवाजात माझाच आवाज ऐकू यायचा. लिंबोत. ताबडतोब, न अडखळता. त्या मुलींना मी विनाकारण गप्प बसवायची.

आणि आता वर्गाच्या यादीत पहिलं नाव वयनीचं. सत्तरी उलटलेली, नवरा जाऊन वर्षं झालेली, कानाने कमी, म्हणून पहिल्या बाकावर. पुस्तक नवं, मराठीत, गुळगुळीत कागदाचं. चौथा धडा बाप्तिस्म्याचा. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांबद्दल त्यात दोनच ओळी होत्या: त्यांना आपण देवाच्या दयेवर सोपवतो, आणि त्या दयेकडून आशा ठेवायला जागा आहे. लिंबोचं नावसुद्धा नव्हतं. मी फादरना विचारलं, तर ते सहज म्हणाले, "ते जुन्या काळचं मत होतं, बाई. श्रद्धेचा भाग कधीच नव्हतं." कधीच नव्हतं! मला त्यांचा संताप आला. त्यांचा काय दोष, तेव्हा ते जन्मलेही नसतील, पण आला.

वाचलं तर तिचं पोर झाडाखालून उठवायचं. न वाचलं तर ते देवाच्या दाराबाहेर ठेवायचं, आणि तेही दुसऱ्यांदा माझ्याच तोंडाने. शेवटी मी भित्र्या माणसाचा मार्ग धरला. त्या दोन ओळी गाळायच्या.

शनिवारी मी धडा वाचत गेले आणि तिथे आल्यावर पुढच्या परिच्छेदावर उडी मारली. वयनी पुस्तकावर बोट फिरवत मागोमाग येत होती. बोट थांबलं. "बाय, हंयसर दोन ओळी रवल्यो."

मग मी त्या वाचल्या. आवाज माझा मला परका वाटला.

"मगे लिंबो?" तिने विचारलं.

"लिंबो नाय, वयनी. तसो जागो खंयच नव्हतो. मिया चुकीचां सांगलंय."

"मगे ता खंय आसा?"

वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते. फादर दारात येऊन उभे राहिले होते. वयनीचं बोट अजून त्या ओळीवरच होतं.

"देवाकडे," मी म्हटलं. "देवाकडेच आसा."

फादरनी चमकून माझ्याकडे पाहिलं. वयनीने पुस्तक मिटून पिशवीत घातलं.

पुढच्या शनिवारी ती कापडी पिशवी भरून लिंबं घेऊन आली. बायकांनी चर्चच्या स्वयंपाकघरात सरबत केलं आणि खोलीभर तो वास पसरला. वयनीने एक पेला स्वतः आणून माझ्या हातात दिला आणि समोर उभी राहिली.

"तू सांगलंस म्हणान इतकी वर्सां हात लावक नाय," ती म्हणाली. "आता तू सांगलंस म्हणान काढलंय. आता परत बदलू नको गो, बाय."

मी पेला तोंडाला लावला. पुस्तकात फक्त आशा लिहिलेली होती.