बंदी लागली की जाऊ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोची तपासणी मी बंद पाडली. डॉक्टरांनी नाही. मी.

तिच्या छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन मुंबईत झालं. पुढे दर तीन महिन्यांनी रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यातच दाखवायचं ठरलं. दिवाळीनंतर आम्ही पहिल्यांदा गेलो. मी बोटीवर खलाशी. ती जेटीवरून पाटी भरून दारोदार मासे विकते. त्या दिवशी ती दोनदा अंघोळ करून निघाली. केस नुकते बोटभर आले होते, तरी पिना लावून अबोली अडकवलीन. बाकावर बसतोय तोच खिडकीतला कारकून बोलला. तिचंच गिऱ्हाईक, दर आठवड्याला बांगडे घेणारा.

"मासेवाल्यांनी बाहेर बसा. इथे पेशंट बसतात."

फाईल तिच्या मांडीवर होती. ती उठली. तिच्या मागून मीही. दोन तास पायरीवर.

आत तिने सांगितलं, डावा हात सुजतो, जड होतो. डॉक्टर म्हणाले, पाटी उचलू नका, काम बदला. ती म्हणाली, "काम म्हंजे काय लुगडं हाय, बदलायला?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हा लोकांना बरं करून उपयोग नाही."

मी हसलो. होय साहेब म्हणालो.

पुढची तारीख ऐन सीझनमध्ये आली. आमच्यात सगळं पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीवर ढकलतात. बोटी किनाऱ्याला लागल्या की मगच दुखरा दात, सरकारी कागद, राहिलेलं पाहुणपण. मी म्हटलं, बंदी लागली की जाऊ. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. माझं मला ठाऊक होतं. मला ती पायरी नको होती.

बंदी लागली. तिने आपणहून फाईल पिशवीत घातली. मी म्हटलं, "फोन केलेला मी. डॉक्टर बोलले, आता यायची गरज नाय. बरी झालीस तू."

फोन मी केलाच नव्हता. तिने शेजारणींना साखर वाटली. देवीची ओटी भरली. मी बघत राहिलो.

हात सुजतच गेला. डाव्या हातात बांगडी चढेना. ती म्हणायची, वय झालं. या शिमग्यानंतर हात लाल झाला, ताप भरला, तेव्हा मात्र मी तिला रिक्षात घातलं. खिडकीत तोच माणूस. तेच वाक्य. ती उठायला लागली. मी तिचा खांदा धरून तिला खाली बसवलं.

"पेशंटच आहे ती. इथेच बसणार."

शेजारच्या बाईने पिशवी जवळ ओढली. कारकून काहीतरी पुटपुटला. आम्ही बसून राहिलो. एवढंच करायचं होतं. एवढ्याला मला दीड वर्ष लागलं.

आत नवीन डॉक्टरीण होत्या. तिचा हात त्यांनी आपल्या हातात घेतला. सूज कशाने येते, पट्टी कशी बांधायची, हे आम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं. मग विचारलं, इतके दिवस कुठे होतात?

बायको म्हणाली, "तुम्हीच बोललात ना, नको येऊ म्हणून."

त्यांनी फाईल उलटसुलट चाळली. "असं इथे कुणी लिहिलेलं नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे. मग ती म्हणाली, "आमचीच काय ती चूक झाली असंल."

टाक्यांच्या कडेला एक बारीक गाठ लागली आहे. कसली, ते मुंबईला गेल्यावर कळेल. गुरुवारची गाडी आहे. सीझनचे शेवटचे दिवस, मासळी चांगली लागतेय. बोटीचा तांडेल म्हणाला, महिन्यावर तर बंदी आलीय, मग जा. मी नाही म्हटलं. यापुढे तिची प्रत्येक तारीख मी पाळणार, बोट पाण्यात असो नाहीतर किनाऱ्याला. आणि ती बाकावर बसणार.

रोज सकाळी मी तिच्या हाताला पट्टी बांधतो. ती काही विचारत नाही. मीही बोलत नाही. डॉक्टर असं कधी बोललेच नव्हते, मी खोटं बोललो, हे गुरुवारच्या आत तिच्या तोंडावर सांगायचं, एवढं तरी मी तिचं देणं लागतो.