तिसरी शिटी

त्या मंगळवारी सकाळी साडेसहाला माझी पत्नी गेली. नऊ दिवस आधी मी तिला इस्पितळातून घरी आणलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, अजून आठवडाभर ठेवा. ती म्हणाली होती, घरी चला. मी कागदावर सही केली.

पंधरवड्याने मागल्या गल्लीतल्या अक्का दारात उभ्या राहिल्या.

"रविवारी अकराला या, अण्णा. डोळे मिटून बसायचं. तेवढंच."

बंगळुरूतल्या मल्लेश्वरमच्या त्या गल्लीत सगळे त्यांना अक्काच म्हणत. घराणं काही पिढ्यांपासून इथलं. "आमच्या मराठीत कन्नड खडे असतात, निवडून घ्या," असं नव्या माणसाला त्या आधीच सांगून ठेवत. नोकरी टेलिफोन खात्यात झालेली, ट्रंक कॉल जोडायची. तो आवाज तुम्हीही कधीतरी ऐकला असेल: घाई नाही, लाडही नाही. "लाइनवर राहा."

ध्यानही त्या तशाच लावत. स्वयंपाकघरात बारीक आचेवर हरभऱ्यांचा कुकर चढवायचा आणि बाहेर येऊन म्हणायचं, "जिना उतरा. खाली दार आहे. आत कोणीतरी बसलंय, त्याला आपलं जे असेल ते विचारा. तिसऱ्या शिटीला परत या." नंतर सगळ्यांना त्या हरभऱ्यांची उसळ.

आम्ही सहा जण असू. एका निवृत्त बँक मॅनेजरांना दर खेपेस त्यांचं मेलेलं कुत्रं भेटे. ते ओशाळत. अक्का म्हणत, "कुत्रं तर कुत्रं. विचारून बघा की!"

मला कोणीच भेटत नसे. जन्म ग्रंथालयात गेलेला. मी जिन्याला कठडा कोणत्या लाकडाचा असावा, यातच अडकायचो.

"काय विचारायचंय तुम्हाला?" एकदा त्यांनी विचारलं.

"तिला घरी आणलं, ते बरोबर केलं का?"

"मग ते खाली जाऊन विचारा. मी फक्त जोडून देते. बोलणं तुमचं."

"पण पलीकडे कोणी उचलतच नाही, अक्का."

"स्वल्प थांबा. डोळे मिटूनसुद्धा वाचत बसता तुम्ही."

असे चार-पाच महिने गेले. मग एका रविवारी पहिली शिटी झाली, दुसरी झाली, आणि तिसरी होईना. आम्ही मुकाट बसून राहिलो. शिटीआधी डोळे उघडायचे नाहीत, हा नियम मोडायचा कोणी? माझा कठडा संपला, पायऱ्या संपल्या. दार ढकललं, तर आमचीच मागची खोली. पत्नी पलंगावर उशीला टेकून बसलेली, पाठमोरी. केसांना नुकतंच तेल लावलेलं. शेवटचे नऊ दिवस ती बसायची तशीच ती खिडकीतून शेजारच्या नारळाकडे बघत होती. मी विचारलं. ती वळली नाही. एवढंच म्हणाली, "अजून थोडी उघडा ना."

मी खिडकी उघडली. इस्पितळातली खिडकी उघडतच नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

"अय्यो!" स्वयंपाकघरातून अक्का ओरडल्या. गॅस केव्हाच संपला होता. आम्ही तास-सव्वा तास बसलो होतो. मॅनेजरांच्या पायाला मुंग्या आलेल्या, हरभरे अर्धे कच्चे. सगळे हसत सुटले. मीही हसलो, आणि हसता हसता रडलो. अक्कांनी पाण्याचा पेला हातात दिला.

"कोण भेटलं?"

"तीच. उत्तर नाही दिलं. खिडकी उघडायला लावली."

"सरी, ठीक," त्या म्हणाल्या. "मग आता उसळ नाही, इडली मागवू."

त्या दिवशी मी दुपारी झोपलो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

गेल्या श्रावणात अक्का गेल्या. त्यांच्या सुनेने कुकर मला आणून दिला. रविवारी अकराला आता चार जण माझ्याकडे येतात. अक्कांसारखं बोलणं मला जमत नाही. जिना उतरा, एवढं म्हणतो आणि शिट्या मोजतो. मागच्या खोलीची खिडकी उघडी असते. सिलिंडर किती उरलाय, ते मी आधी बघत नाही.