यादीत नसलेली कुरणखेडची टेस्ट

भूतबित, आत्माबित यांवर माझा विश्वास नाही. आजही नाही. वय एकोणपन्नास, त्यातली पंचवीस वर्षं कम्प्युटरच्या कामात गेली. मशीन सांगितलेलंच करतं, एवढं मला कळतं. तरी हे लिहून टाकते... लिहिलं की डोक्यातून जाईल म्हणून.

गेल्या एप्रिलची गोष्ट. अमरावतीतलं माझं घर, मधली खोली, दुपारचे तीन, कूलर चालू. मी घरून पुण्याच्या एका कंपनीच्या कम्पायलरचं काम करते. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत करून देणारा तो कम्पायलर. वाटेत तो फालतू वाटणारं काम गाळतो, म्हणजे प्रोग्राम वेगाने चालतो. आमच्या कम्पायलरमध्ये बग, म्हणजे चूक, अशी होती – सलाइनचं औषध मोजून सोडणाऱ्या पंपाचा प्रोग्राम सेन्सर दोनदा वाचायचा, आणि कम्पायलर दुसरं वाचन गाळून टाकायचा. 'आत्ताच तर वाचलं' म्हणून. मधल्या वेळात नळीत हवा शिरली, तर पंपाला कळणारच नाही.

बग छोटा होता. तीन ओळींत दुरुस्त केला. सहा दिवस त्यातच गेले होते, डोळे चुरचुरत होते. चार वाजता पुण्याला पाठवायचं होतं. शेवटी सगळ्या टेस्ट, म्हणजे कम्पायलर तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवल्या, तर एक नापास – 'कुरणखेड'.

आमच्या टेस्टना अकोला-अमरावती रस्त्यावरच्या थांब्यांची नावं आहेत. ही वानखडे सरांची पद्धत, मला हे काम त्यांनीच शिकवलं. सर अकोल्याहून एसटीने अमरावतीला कामाला यायचे, ज्या थांब्यावर बग सुचला त्याचं नाव टेस्टला द्यायचे. बोरगाव, मूर्तिजापूर, बडनेरा... पुण्याची पोरं हसायची. सर जाऊन दोन वर्षं झाली.

टेस्ट नापास झाली की तिचा कोड पडद्यावर येतो. सहा ओळी होत्या. तेच सेन्सरचं वाचन, पण लूपच्या आत, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींमध्ये. मी कागदावर उतरवून विचार करते, तशा उतरवल्या. मग फाइल उघडायला गेले, तर फाइल नाही. परत सगळ्या टेस्ट चालवल्या – सगळ्या पास. कुरणखेड यादीतच नाही. जुन्या नोंदी, बॅकअप, सगळं पाहिलं. या नावाची टेस्ट कधीच नव्हती.

कोणी सरांच्या मशीनवरून काही पाठवलं का, म्हणून अकोल्याला काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, फोन लावला.

"त्याईचा लॅपटॉप? तो तं पोरगी कवाचीच घेऊन गेली. काहून वं?"

"सहजच, काकू."

"सहज कोनी दुपारी फोन करते का? झोपली होती मी."

"सर कुरणखेडले उतरत होते का कधी?"

"तिथं तं त्याईची गाडी थांबतच नव्हती. उतरतीन कसे? तू जेवली का नाही आज?"

जेवले नव्हते, हे खरं.

चार वाजता पुण्याहून मॅनेजरचा फोन. "मॅडम, पाठवताय ना? पंपवाले उद्या यातून प्रोग्राम बनवून पंपात भरणार आहेत."

"नाही. एक टेस्ट नापास आहे."

"कुठली? माझ्याकडे तर सगळं हिरवं, पास दिसतंय."

"उद्या सांगते," म्हटलं आणि ठेवला. उद्या तरी काय सांगणार होते, माझं मलाच माहीत नव्हतं.

कागदावरच्या सहा ओळी स्वतः टाइप केल्या. चालवल्या. नापास. माझ्या दुरुस्तीत लूपचा विचारच नव्हता. थकव्यात एक साधं उदाहरण तपासून मी मोकळी झाले होते. तशीच पाठवली असती, तर पंपात तोच बग राहिला असता.

दुसऱ्या दिवशी नीट दुरुस्ती केली, तेव्हा टेस्ट पास झाली.

आता कोणी म्हणेल, थकलेल्या डोक्यानेच ते रचलं. असेलही. कागदावरचं अक्षर माझंच आहे, पडद्यावरचं दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. पण लूपची गोष्ट मला सहा दिवसांत सुचली नव्हती, आणि मी टेस्टला गावाचं नाव कधीच देत नाही.

पाठवताना 'टेस्ट कोणी लिहिली' हा रकाना भरावा लागतो. रिकामा सोडून पाहिला, सिस्टीम घेत नाही. शेवटी माझंच नाव टाकलं. ते खोटं आहे... पण खरं काय लिहायचं, ते अजून कळलेलं नाही.