तुकानानांचे निमंत्रक

लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून द्यायला तुकानाना घरी आले की मुहूर्त, स्थळ काही विचारायचे नाहीत. चहाची बशी तोंडाला लावण्याआधी पहिला प्रश्न यायचा, "भाऊ, सध्या बोलणं कुणाशी बंद हाये?" घरातले एकमेकांकडे बघायचे. जे नाव निघेल तेच नाना 'निमंत्रक' म्हणून पहिल्या ओळीत घालायचे.

आमच्या पिंपरी पेंढारमधल्या निम्म्या पत्रिका त्यांच्याच हातच्या. स्वतः मात्र बिनलग्नाचे राहिले. "बरंच झालं," म्हणायचे, "माझं भांडण कुणाशीच न्हाई. निमंत्रक कुठनं आणला असता?"

माझ्या लग्नात निमंत्रकाची वाण नव्हती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून वडील आणि चुलते कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. नानांनी चुलत्यांचं नाव सगळ्यात वर घातलं. विचारलं कुणालाच नाही. पत्रिका छापून आल्या आणि वडील भडकले. "नाना, त्याला आवतान द्यायला मी जायचा न्हाई!"

"नकाच जाऊ. आवतान पावण्याला असतं," नाना म्हणाले. "नाव छापलं की मानूस पावणा ऱ्हात नाय. मांडवात उभं ऱ्हावंच लागतं. न्हाईतर गाव विचारतं ना राव, निमंत्रक कुठं गेले म्हणून."

चुलते आले. फेटा बांधून मांडवाच्या दाराशी उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडले. वडील मांडवाच्या दुसऱ्या टोकाला. दिवसभरात दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. निघताना मी नानांजवळ रडले. "नाना, काय उपयोग झाला?"

"उभा ऱ्हायला की! बोलणं पुढच्या पत्रिकेला," नाना म्हणाले आणि जिलबी कुठे उरली आहे ते बघायला गेले.

पुढची पत्रिका त्यांच्याच दशक्रियेची निघाली. ती मी लिहिली. 'शोकाकुल'खाली घालायला नात्यातलं कुणीच नव्हतं. मग वडील आणि चुलते, दोघांची नावं एका ओळीत घातली आणि कुणालाही न विचारता गावच्या ग्रुपवर टाकून दिली.

दहाव्याला दोघंही घाटावर हजर. शोकाकुल म्हणून नाव छापलं म्हणजे मुंडण आलंच. न्हाव्यापुढे शेजारी शेजारी बसले, वर कडक ऊन. न्हावी आधी चुलत्यांकडे वळला. त्यांनी त्याचा हात धरला.

"आधी दादाचं कर. त्याला ऊन सोसत नाय."

वडिलांनी टोपी काढली. "अन् तुला सोसतं व्हय रं?"