पळपुटे सर

‘वसंता गेला,’ असं मी पानठेल्यावर सांगितलं, तर कोणी मान वर केली नाही. दोष त्यांचा नाही. आयुष्यभर मी इतक्या थापा मारल्या आहेत की आर्वीपासून पुलगावपर्यंत माझं खरंही लोक अर्धं कापूनच घेतात. “गुरुजी, मागं त तुमी सोतालेच मारलं होतं,” पानवाला चुना लावत म्हणाला. मग त्याला माझा चेहरा दिसला आणि त्याचा हात पानावरच थांबला... दुपारी जेवून वसंता ओसरीत आडवा झाला होता. त्याची बायको, सुमनवहिनी, चहाला उठवायला गेल्या तर तो उठला नाही.

रोहण्याच्या शाळेत आम्ही बरोबरच लागलो. मी मराठीला, तो विज्ञानाला. त्याने डायनासोर शिकवायला घेतले की शेजारच्या वर्गातली माझी पोरं भिंतीला कान लावत. त्या भिंतीचा रंग अजून खालच्या बाजूने उडालेला आहे. तो कानांनीच झिजला, हे मी शपथेवर सांगतो. “नावाले भेऊ नका रे,” वसंता म्हणायचा. “शेंगेवानी फोडा. अंदर सादा दाना निंघते.” मग ट्रायसेराटॉप्स फोडला की निघायचं ‘तीन शिंगांचं तोंड’. गॅलिमायमस म्हणजे ‘कोंबड्याची नक्कल करणारा’. स्टेगोसॉरस म्हणजे ‘छपराचा सरडा’, कारण त्याच्या पाठीवरच्या पाट्या छपरासारख्या आडव्या असतील असं आधी वाटलं होतं. “म्हंजे कवेलूवाला सरडा, सर?” एका पोरीनं विचारलं. “बरोबर. तुह्या घरावर येऊन बसला त तुह्या मायले बी समजनार नाई!” आणि टायरनोसॉरस रेक्स म्हणजे ‘जुलमी सरडा, राजा’, हे सांगताना त्यानं नेमकं व्हरांड्यातून चाललेल्या मुख्याध्यापकांकडे पाहिलं. वर्ग असा हसला की पिंपळावरचे बगळे उडाले ते थेट धाम नदीवर जाऊन बसले.

मुख्याध्यापकांनी उट्टं काढलं. त्यांनी वसंताला नाव ठेवलं, ‘पळपुटे सर’. ते चिकटलं, कारण ते दिसायला खरं होतं. शेवटच्या घंटेचा आवाज वेशीपर्यंत पोचायच्या आत वसंताची सायकल पोचायची. सहल नको, स्नेहसंमेलन नको, संध्याकाळची बैठक तर नकोच. अल्लीपूरला मुख्याध्यापक म्हणून जायची वेळ आली, तेही त्यानं नाकारलं. “काऊन बे, खुर्ची टोचते का तुले?” मी विचारलं. “मले घर बरं वाटते,” एवढंच म्हणाला. आणि त्या घरात तरी कोणाला नेईल? मी गेलो की फाटकातच उभं करायचा, आत जाऊन स्वतः चहा आणायचा आणि आम्ही उभ्यानं बशा फुंकत गावाची निंदा करायचो. निरोपसमारंभातही एका वक्त्यानं ‘आज पळपुटे सर कायमचे पळाले’ असं म्हटलं. सगळे हसले. सगळ्यांत जोरात वसंता हसला.

तेरवी झाल्यावर सुमनवहिनींनी मला आत बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसताना टेबलाला हात टेकला तर मऊ लागलं. टेबलाच्या कोपऱ्यांना जुन्या लुगड्याच्या घड्या सुतळीनं बांधल्या होत्या. खाटेचे पाय तसेच. ओट्याची धार, दाराची चौकट, कपाटाच्या कडा, सगळ्यांवर कापूस भरून शिवलेलं कापड. शिवण ओबडधोबड, पुरुषी. त्या घरात कुठं टोक म्हणून नव्हतं...

“मले मिरगी हाय, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “गोळ्या चालूच हाय, पन झटका आला त लयदा दिवेलागनीलेच. गाव म्हननार, अंगात येते, येडी हाय. ते म्हनत, एकदा नाव पडलं का निंघत नाई. मले पळपुटा म्हनू दे, तुले कोनी काई नको म्हनाले.”

माझ्याकडे थापसुद्धा नव्हती.

“एका परान्याची गोष्ट सांगत मले,” त्या म्हणाल्या. “ओव्हिरॅप्टर. वर्गात नाई सांगितली कधी. त्याची हाडं अंड्यांजवळ भेटली, त शास्त्रज्ञ म्हने हा दुसऱ्याचे अंडे चोरून राह्यला होता. नावच ठेवलं, अंडेचोर. मंग लय वर्सांनी समजलं, अंडे त त्याच्याच जातीचे होते. तसेच परानी मंग घरट्यावर हात पसरून बसलेले भेटले. अंडे झाकता झाकताच मेलेले.”

“मंग नाव बदललं?”

“नाई. नेमच हाय म्हने. पयलं ठेवलं तेच राह्यते.” त्यांनी पदर सारखा केला. “तुमी पेपरात लिवनार हाय न त्यांच्यावर? माह्या बिमारीचं बी लिवजा.”

“वहिनी, गाव बोलन.”

“बोलू द्या. मले काय म्हनाचं ते म्हनू द्या. परान्याचं नाव नसन बदलत. हे त मानूस होते.”

म्हणून लिहिलं.

बाहेर दिवेलागण होत होती. सोबतीला राहायला आलेल्या पुतणीनं दिवा लावला. मी उठलो, तेव्हा डोळ्यांना काही नीट दिसत नव्हतं आणि माझा गुडघा टेबलाच्या कोपऱ्यावर जोरात आदळला... जराही दुखलं नाही.