विहिरीतला लाल थर

त्या दिवशी दुपारी मी लाल मातीची ढेकळं कुटत होतो आणि बायको पुस्तक वाचून दाखवत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. शेवटचं आहे असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी नेहमीसारखी कुरकुर करत होतो.

"आकडा सांग ना एकदाचा. पृथ्वीचं वय किती, एवढंच विचारतोय. शेवटच्या पानावर असेल, पलट."

"विहीर खणताना मुरूम सोडून सीधं पाण्यात उडी मारत होते का तुम्ही?" ती म्हणाली. "गप कुटा. बारीक कुटा, मागच्या दिवाळीला खडे राहिले होते."

मी विहिरी खणणारा. तिसरीत शाळा सुटली ती सुटलीच. बसच्या पाट्या वाचतो, तेवढ्यावर निभावलं. ती रावेरची, मॅट्रिक पास. लग्नात लोक म्हणाले, पोरगी वाया गेली. खरंच बोलले असतील, पण तिनं मला तसं कधी ऐकवलं नाही. बाकी ऐकवायला तिनं काही शिल्लक ठेवलं नाही.

पुस्तक तिच्या मास्तर भावानं दिलेलं. पृथ्वीचं वय माणसांनी कसं शोधलं, त्याचं. तिचा नियम होता, जेवण झालं की चार पानं. पाचवं नाही.

आधी एक विलायती पाद्री आला. त्यानं धर्मग्रंथातल्या बापलेकांच्या पिढ्या मोजल्या आणि सहा हजार वर्षं सांगितली. मी म्हणालो, पुष्कळ झाली. मग एकानं लोखंडाचे गोळे लाल तापवले आणि थंड व्हायला किती वेळ लागतो ते बघत बसला. पृथ्वीएवढा गोळा किती वर्षांत निवेल, त्याचा अंदाज काढायला. हा मला पटला, हातानं काम करणारा माणूस. मग एक शेतकरी. त्यानं बघितलं, शेतातली माती नाल्यात जाते, नाल्यातून समुद्रात, तिथं तिचे थर बसून दगड होतो, दगड वर येतो, त्याची पुन्हा माती. म्हणाला, याची सुरुवात काही दिसत नाही.

"शेतकरी होता नक्की?" मी विचारलं.

"हाव, शेतकरी."

"मग खरं बोलला असेल."

आपल्याकडच्या काळ्या दगडाचंही एक पान निघालं. त्या पानासाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

आमच्या बऱ्हाणपुराकडं, धूलकोटच्या अंगाला विहीर खणली की काळा दगड लागतो. सुरुंग लावत, फोडत खाली जायचं. मध्येच हातभर लाल मातीचा थर येतो, आणि त्याच्या खाली पुन्हा काळा दगड. लाल थर आला की टोळी खूश, सुरुंग नको, नुसत्या सब्बलनं खणून निघायचा. मी त्यातली टोपलंभर माती घरी आणायचो. बायको ती भिजवून दिवाळीला तुळशीचा ओटा रंगवायची. दुकानातल्या गेरूपेक्षा रंग छान चढायचा. ही माती आली कुठून, असं शेताच्या मालकानं विचारलं की मी ठोकून द्यायचो, पूर्वी इथं विटांची भट्टी असेल, ती दबली. बऱ्हाणपुरात कुठंही कुदळ मारा, बादशाही विटा निघतात. लोकांना पटायचं. मलाही पटलं होतं.

पुस्तकात वेगळंच. काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, एकावर एक ओतलेला. एक थर थिजला की दुसरा येईपर्यंत इतका काळ जायचा, की दगडाची माती होऊन त्यावर झाडं उगवायची. मग वरून पुन्हा तापलेला दगड. खालची माती भाजून लाल.

"भाजलेलीच ना? मग भट्टी म्हणत होतो ते अर्धं खरं."

"अर्धं. फक्त बादशहाच्या जरा आधीची."

हसता हसता ती थांबली. "अहो, म्हणजे एवढ्या वर्षांत मी कितीतरी जुनी जमीन फासली ओट्याला."

"मग? तुळस मेली का?"

"नाही मेली."

"मग झालं तर."

मी जन्मभर नुसते खड्डे केले, असं मला वाटायचं. तिनं ते पान वाचलं नसतं तर तसंच वाटत मेलो असतो.

आता आकडा ठाऊक आहे मला, साडेचार अब्ज वर्षं. त्या दुपारी नव्हता. आम्ही एका प्राध्यापकापाशी आलो होतो. पृथ्वी निवायला किती काळ लागला याचं गणित त्यानं मांडलं होतं आणि आपला आकडा पक्का म्हणून अडून बसला होता. चार पानं झाली. तिनं वाळलेल्या केळीच्या पानाची पट्टी खुणेला ठेवली आणि चहा टाकायला उठली. स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

लेक सुरतेहून सकाळच्या गाडीनं यायची होती, तोवर तिला न्यायचं नव्हतं. सुतक, म्हणून कुटलेली माती घमेल्यात तशीच पडून. घरात बाया बसलेल्या. मी पुस्तक घेतलं आणि तिच्या उशाशी बसलो. शेवटचं पान हाताशी होतं. पलटलं नाही. पट्टीपासून सुरू केलं, अक्षराखाली बोट ठेवून, मोठ्यानं. जोडाक्षरं अडायची, मग पुन्हा मागून यायचो. शेजारीण आपल्या सुनेला कुजबुजली, "पोथी वाचताहेत, मोबाइल बंद कर." मी पुढची ओळ धरली. दगडांच्या पोटातही ऊब तयार होत असते, ते त्या प्राध्यापकाला माहीत नव्हतं, म्हणून त्याचा आकडा कमी पडला. एवढं कळायला मला तास लागला.

बाहेर रिक्षा थांबली. लेकीचा आवाज आला. मी पट्टी अर्ध्या पानावर ठेवली आणि उठलो.